दिसतंय का वाटतंय

माझ्या वडिलांना दिसत नाही हे गावात तिघांनाच माहीत होतं. त्यांना स्वतःला, मला आणि माझ्या आत्तीला. आत्ती म्हणजे वडिलांची बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि आई वारल्यावर सगळं घर तिच्या हातात गेलं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो.

आबा गुळव्या होते. हे आता समजावून सांगावं लागतं, कारण माझ्या नातवंडांना गूळ कागदात गुंडाळून दुकानात मिळतो एवढंच माहीत आहे. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळून गूळ करतात, त्या जागेला गुऱ्हाळ म्हणतात. तिथे ऊस तोडणारे वेगळे, घाण्याचे बैल हाकणारे वेगळे, काहिलीखालच्या चुलवाणात वाळलेली चिपाडं सारून जाळ घालणारा जाळव्या वेगळा. पण काहील कधी उतरवायची ते एकटा गुळव्या सांगतो. लवकर उतरवली तर ढेप धरत नाही, पाघळते. उशीर झाला तर गूळ करपतो. मधली वेळ अगदी थोडी असते आणि ती गुळव्याला डोळ्यांनी कळते, रंग बघून, बुडबुडे बघून. गुळव्याचे डोळे गेले म्हणजे गुळव्या संपला.

आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडे, कृष्णेच्या बाजूला. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं आणि गूळ जायचा सांगलीच्या पेठेत, म्हणजे संस्थानात. लढाईचे दिवस होते. माझा नवरा पलटणीत भरती झाला होता आणि तो नक्की कुठल्या मुलखात आहे ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. सासरी माणसं भरपूर होती, भाकरी थापायला हात जास्तच होते. त्यामुळे आबा मला न्यायला आले तेव्हा सासूने फार खळखळ केली नाही.

"सण न्हाई, बाळतपण न्हाई, मग कशाला नेताय लेकीला?" एवढंच तिने विचारलं.

"भनीला काम झेपत न्हाई आता," आबा म्हणाले.

हे खोटं होतं. आत्तीला बैलाच्या जागी मोटेला जुंपली असती तरी तिने विहीर उपसली असती. पण मी गप्प बसले. माहेरी जायला मिळत असेल तर खोटं कोण तपासतं?

परतीच्या वाटेवर आबांनी कासरा सैल सोडला होता. बैलांना रस्ता पाठ होता. गावाची शीव आली तशी म्हणाले, "पोरी, समोरनं येतंय ते माणूस हाय का म्हस?"

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. समोरून म्हैसच येत होती.

डोळ्यांवर पडदा आला होता. उजेड आणि सावली कळायची, माणूस उभा आहे एवढं कळायचं, पण त्याचं तोंड कळायचं नाही. आवाजावरून आणि चालण्यावरून ते माणसं ओळखत. मिरजेच्या दवाखान्यात तो पडदा कापून काढतात हे त्यांनी ऐकलं होतं, पण ज्या दिवशी मिरजेला जाईन त्या दिवशी गाव दुसरा गुळव्या आणेल, असं त्यांचं म्हणणं. ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. गुऱ्हाळ एका जुन्या हवालदाराचं होतं. तो पहिल्या लढाईतून पेन्शन घेऊन आलेला, बोलण्यात निम्मी पलटण. आजूबाजूचे सगळे आपला ऊस त्याच्याच गुऱ्हाळावर आणत. हवालदाराने नको म्हटलं असतं तर आबांना दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं. आणि काहील गेल्यावर आबा नुसते ओट्यावर बसून राहणारे माणूस नव्हते. ते मेले असते. हे मी उगाच भारदस्त बोलत नाही. तशी माणसं मी मरताना बघितली आहेत.

तेव्हा मी त्यांचे डोळे व्हायचं असं ठरलं. लोकांना सांगितलं की पोरगी पाण्याची घागर सांभाळेल. गुळव्याला पाक तपासायला गार पाणी लागतं, रस निवळायला चुन्याचं पाणी लागतं, भेंडीचा चीक लागतो. ते सगळं हाताशी देणारं कुणी असलं तर कुणाला नवल वाटत नाही. मी आबांच्या मागे डाव्या बाजूला उभी राहायची, पदर तोंडाशी धरून. धुरामुळे पदर तोंडाशी असणं साहजिकच होतं. पदराआडून मी बोलायची.

पहिल्या दिवशी मला काही येत नव्हतं. काहिलीसमोर उभी राहिले, वाफ तोंडावर आली आणि आबांनी हळूच विचारलं, "काय दिसतंय?"

"रस उकळतोय."

"ते मला ऐकू येतंय. दिसतंय काय?"

"फेस आलाय."

"कसा?"

"पांढरा."

"पांढरा म्हंजे काय न्हाई. चुना पांढरा, दूध पांढरं, बगळाबी पांढराच. ह्यो कशासारखा पांढरा?"

मी बघत राहिले. मग म्हटलं, "कापसासारखा. वेचून घरात पडलेल्या. जरा मळका."

"आता बोललीस," आबा म्हणाले आणि त्यांनी वर तरंगणारी मळी काढायला सुरुवात केली.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते. तिथे मास्तर म्हणतील ते आपण म्हणायचं, सगळ्यांनी एका सुरात. ज्याचा आवाज मोठा तो हुशार. मी तिथे हुशारच होते. गुऱ्हाळात त्या हुशारीचा काडीचा उपयोग झाला नाही. इथे मी काय म्हणते त्यावर काहील उतरणार होती.

आबांची एक अट होती. त्यांनी पूर्वी डोळ्यांनी बघितलेल्या वस्तूंशीच मी तुलना करायची. नवीन काही सांगायचं नाही. मग आमची एक भाषा तयार झाली. आधी मोहरीएवढे बुडबुडे, मग ज्वारीच्या लाह्या, मग बैलाचे डोळे. बैलाचे डोळे आले, फुटले आणि फुटताना वाफेचा टिपका उडाला की जवळ आलं समजायचं. रंगाचं असंच. आधी ताकातल्या हळदीचा, मग जुन्या तांब्याचा. तांब्याच्या आतल्या बाजूचा, बाहेरच्या नव्हे. यावरून आमचं एकदा भांडण झालं. मी घरी जाऊन तांब्या आणला आणि काहिलीशेजारी धरून बघितला तेव्हा कुठे मिटलं. हवालदाराने विचारलं, "तांब्या कशाला?" मी म्हटलं, "तहान लागलीया." घागर माझ्या पायाशीच होती.

पण खरं शिक्षण हे नव्हतं. खरं शिक्षण एका प्रश्नाचं होतं. मी काही सांगितलं की आबा विचारायचे, "दिसतंय का वाटतंय?"

सुरुवातीला मला दोन्हींत फरक कळत नव्हता. मी म्हणायची, "झालं, आबा." ते म्हणायचे, "झालं हे दिसत नसतं. झालं हे वाटत असतं. तू दिसतंय ते सांग. वाटायचं काम माझं." एकदा जाळव्या मोठ्याने म्हणाला, "झालं गड्या, उतरवा!" आणि मीही पदराआडून म्हटलं, "झालंय." आबांनी मान वळवली.

"त्यो म्हणाला म्हणून का तुला दिसलं म्हणून?"

मी पदर आणखी वर ओढला.

"जाळव्याची जीभ मला हाय. तुझं डोळं पायजेत."

जाळव्या म्हणजे आबांच्या वयाचा, शेजारच्या गल्लीतला मुसलमान गडी. दोघे लहानपणापासून बरोबर. दिवसभर चुलवाणाच्या तोंडाशी बसून त्याचं अंग भट्टीतल्या विटेसारखं झालं होतं आणि जीभ सारखी चालू असायची.

मी जरा तयार झाले तशी आबांनी मला फसवायला सुरुवात केली. नुसतं बघून सांगणं पुरत नाही, कुणी दुसरं सांगितलं तर आपलं टिकतं का ते बघायचं होतं त्यांना. म्हणायचे, "आज रस लालसर दिसत आसंल न्हाई? ऊस जुना हाय." मला लालसर दिसत नव्हता. पण बाप म्हणतोय, गुळव्या म्हणतोय, आयुष्य गेलं त्याचं काहिलीशी. मी म्हटलं, "व्हय, जरा लालसर हाय खरा."

"कुठं लालसर?"

"कडंला."

"कडंला व्हय?" असं म्हणून ते इतके चिडले की भेंडीच्या चिकाचं भांडं त्यांनी लाथेने उडवलं. सगळे बघायला लागले. "ऊस कोवळा हाय ह्यो! मी चाखून बघितलाय. लालसर कुठनं आणलास? माझ्या तोंडातनं आणलास!"

हवालदार लांबून ओरडला, "क्या हुआ रं?"

"काय न्हाई. पोरीनं चीक सांडला," आबा म्हणाले.

त्यानंतर मी त्यांना नाही म्हणायला शिकले. ही गोष्ट लिहायला सोपी आहे. तेव्हाच्या मुलीने बापाला नाही म्हणणं म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या बायकांनाच कळेल. ते म्हणत, "मळी सरली." मी म्हणे, "न्हाई सरली." ते म्हणत, "लाह्या आल्या आसतील." मी म्हणे, "मोहरीच हाय अजून." आणि नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड खुलायचं. मला दुसऱ्या कुठल्या गोष्टीबद्दल त्यांनी कधी शाबासकी दिली नाही. माझ्या भाकरीलाही नाही, आणि माझी भाकरी चांगली होती.

एक अडचण मात्र होती. बाईची अडचण. महिन्याचे ते चार दिवस गुऱ्हाळाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. पायात वहाणा घालून चुलवाणाजवळ यायचं नाही तसंच हे. कडेला बसलेल्या बाईची सावली पडली तर गूळ फुटतो असं म्हणत. पहिल्यांदा ती वेळ आली तेव्हा मी आबांना विचारलं, "आबा, सावलीनं गूळ फुटतो ते दिसलंय का वाटतंय?"

आबांनी मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाले, "ते तुझ्या आत्तीला इचार."

आत्तीला विचारलं. आत्ती म्हणाली, "माझ्या आज्जीनं सोताच्या डोळ्यांनी बघितलंय."

"आज्जी कवा गेली हुती गुऱ्हाळात?"

"तुझ्या तोंडात राख घालीन," आत्ती म्हणाली.

आबांचे सगळे प्रश्न काहिलीपुरते होते. काहिलीबाहेर आले की तेही इतरांसारखेच. मला त्याचा राग येतो का, असं माझ्या सुनेने एकदा विचारलं. येतो. पण गुऱ्हाळात विटाळ झाला अशी नुसती कुजबुज उठली असती तरी त्यांची काहील गेली असती, हेही मला दिसतं.

तर त्या चार दिवसांत आबा डोळ्यांशिवाय राहिले. चुलवाण विझवता येत नाही, हंगामात ते जळतच असतं. त्या चार दिवसांतल्या ढेपा सांगलीहून परत आल्या. पेठेत पोचेपर्यंत बारदानाला गूळ लागला होता. हवालदार आबांसमोर उभा राहिला आणि त्याने ढेपेत बोट घातलं. बोट आत गेलं.

"ये क्या हाय?" तो म्हणाला. "तुझ्या हातचा गूळ हाय म्हणून मी पेठंत मान वर करून जातो. पुन्यांदा आसं झालं तर मी कोल्हापुराकडनं गुळव्या आणीन. मग रडू नकोस."

"न्हाई रडत," आबा म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "काहील बघताना तुला काय ऐकू येतं?" मी म्हटलं, काही नाही, बघण्यातच लक्ष असतं. "मग उद्यापास्नं डोळं मीट," ते म्हणाले.

तिथून आमचं दुसरं शिक्षण सुरू झालं, आणि यात कोण कुणाला शिकवत होतं ते सांगता येणार नाही. मी बघायची आणि मग डोळे मिटून ऐकायची. लाह्या असताना रस सरसरतो. बैलाचे डोळे फुटायला लागले की फट् फट् असा जड आवाज येतो, पिठलं शिजताना येतो तसा. मी सांगायची, "आता डोळं आलं," आणि आबा कान लावून तो आवाज मनात ठेवायचे. वास होताच. पाकाची गोळी पाण्यात टाकून बोटात फिरवली की ती कशी वळते ते त्यांच्या बोटांना आधीच माहीत होतं. गोळी दगडावर मारली की टण् वाजली पाहिजे. असं करून पुढच्या महिन्यात माझे चार दिवस आले तेव्हा एकही ढेप परत आली नाही. मी लांब पाचटाच्या ढिगावर बसून होते. काहील उतरवताना माणसं ओरडतात तो ओरडा ऐकला आणि मी पाचटात तोंड खुपसून हसले.

मग चोपण जमिनीतला ऊस आला. हवालदाराचं स्वतःचं रान नदीच्या अंगाला होतं, खारवट. त्या उसाचा रस चवीलाच वेगळा. आदण चढलं, म्हणजे काहील भरून रस उकळायला लागला आणि सगळं नेहमीसारखं झालं. मोहरी, लाह्या, डोळे. आवाजही तोच. रंग जरा काळपट, पण तांब्याच्या जवळ. आबा कान लावून म्हणाले, "आलं." जाळव्या म्हणाला, "आलं गड्या." हवालदार शेजारीच उभा होता, कारण ऊस त्याचा. तो म्हणाला, "चलो, उतारो!" माणसं दांडे घेऊन पुढे झाली.

आबांनी भांड्यातल्या पाण्यात पाकाची गोळी टाकली होती. घागर खाली ठेवताना मी त्या भांड्यात बघितलं. गोळी वळली होती, पण भांड्याच्या तळाशी बसल्यावर कडेने पसरत होती. अगदी हळू. बोटांना ते कळलं नसतं, कारण आबांनी बोट आधीच काढलं होतं.

"न्हाई," मी म्हटलं. पदराआडून नाही. पदर खाली गेला होता.

सगळे थांबले.

"काय न्हाई?" हवालदार म्हणाला.

"गोळी पसरतीया."

"आता घागरवाली सांगणार व्हय काहील कवा उतरवायची?" दांडेवाल्यांतला एकजण हसला. बाकीचेही हसले.

आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे, तोंड केलं. "दिसतंय का वाटतंय?"

बापाचं म्हणणं एक, जाळव्याचं तेच, मालकाचं तेच. मी पुन्हा भांड्यात बघितलं.

"दिसतंय," मी म्हटलं.

"जाळ चालू ठेव," आबा जाळव्याला म्हणाले.

"करपला तर?" हवालदार.

"करपला तर मी हाय."

काहील आणखी थोडा वेळ राहिली. तो थोडा वेळ मला केवढा वाटला ते सांगत नाही. गूळ चांगला झाला का? नाही झाला. चोपणातला गूळ चांगला होतच नाही, काळाच झाला. पण ढेप उभी राहिली, पाघळली नाही. हवालदाराने वाफ्यातल्या, म्हणजे गूळ निवायला ओततात त्या खळग्यातल्या गुळाला फावडं लावून बघितलं आणि म्हणाला, "काला हाय." एवढंच. आम्हाला तेवढं पुरलं.

त्या दिवशी घरी जाताना जाळव्याने मला गाठलं. राखेने भरलेलं तोंड, दात तेवढे पांढरे.

"तुझ्या आबाला दिसत न्हाई न्हवं?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"दोन हंगाम झालं बघतोय मी. मी जाळ बघून चिपाड घालत न्हाई बाई, तुझ्या आबाचं तोंड बघून घालतो. पयलं त्यो काहिलीकडं बघायचा. आता काहिलीच्या वर बघतो, कुठंतरी पिंपळाकडं."

"मग बोलला का न्हाई?"

"मला कुणी इचारलं?" तो म्हणाला आणि बिडी पेटवायला वळला.

तिघांचे चार झाले, पण चौथा आमचाच होता.

लढाई संपली. माझा नवरा परत आला. लोकांना ऐकायला आवडत नाही, पण मी लिहिणार आहे. मला त्याची ओढ नव्हती. तो वाईट नव्हता, पुढे मला त्याच्याबद्दल माया वाटली, चार मुलं झाली. पण तो गेला तेव्हा मी त्याला नीट ओळखतही नव्हते, आणि ज्या वर्षांत तो नव्हता ती माझी सगळ्यात चांगली वर्षं होती. तो परत आला याचा अर्थ मला एवढाच कळला की हंगाम मध्यावर आहे आणि मला जायचं आहे.

तो गाडी घेऊन स्वतः आला. अंगावर खाकी सदरा, आणि माझ्यासाठी कुठूनतरी आणलेल्या चामड्याच्या नव्या वहाणा. आत्तीने ओटी भरली. मी म्हटलं, आबांना सांगून येते. तो म्हणाला, गाडी गुऱ्हाळावरूनच नेऊ, ऊन व्हायच्या आत निघू.

गाडी रस्त्यावर थांबली. मी उतरले आणि चुलवाणाच्या अलीकडे थांबले, कारण पायात वहाणा होत्या. काढल्या असत्या तर काढता आल्या असत्या. पण काढल्या असत्या तर मी काहिलीपर्यंत गेले असते, आणि काहील चढलेली होती. लाह्या येऊन गेल्या होत्या. मला लांबूनही वाफेचे टिपके उडताना दिसत होते.

आबांनी मला सकाळीच सांगितलं होतं की आता आवाजावर भागवीन. पण वारं होतं त्या दिवशी. घाण्याचा करकराट, बैलांच्या घंटा, आणि त्यात पाचट सळसळत होतं. मी आबांचं तोंड बघत होते. ते कान लावत होते आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. हवालदार बाजेवर बसून चहा पीत होता.

मला ओरडावंसं वाटलं. डोळं आलं, आबा, तांब्या आला. पण मी ओरडले असते तर गाडी पुढे गेल्यावर दुसऱ्या आदणाला कोण ओरडणार होतं?

मग आबा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गड्या, जाळ सोड आणि हिकडं ये. मला दिसत न्हाई. काहिलीत काय दिसतंय ते सांग मला."

जाळव्या उठलाच नाही. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हवालदार कप खाली ठेवून उभा राहिला.

"दिसत न्हाई म्हंजे?"

"दिसत न्हाई म्हंजे दिसत न्हाई."

"कवापास्नं?"

"लढाई पेटल्यापास्नं धरा."

"म्हंजे इतकी सालं मी आंधळ्याच्या हातचा गूळ पेठंत नेला?"

"आंधळ्याच्या न्हाई," आबा म्हणाले. "ती बघत हुती." आणि त्यांनी मी उभी असायची तिथे, मागे डाव्या बाजूला बोट दाखवलं. तिथे कुणी नव्हतं. मी उजवीकडे रस्त्यावर होते.

हवालदार काहीतरी बोलणार होता. पण काहील कुणासाठी थांबत नाही, हे त्यालाही माहीत होतं. जाळव्या एव्हाना काहिलीशी पोचला होता, वाफेत वाकून बघत होता.

"झालंय गड्या," तो म्हणाला. "उतरवा."

"दिसतंय का वाटतंय?" आबांनी विचारलं.

जाळव्या गोंधळला. "आता ह्यात काय फरक हाय?"

"बैलाचं डोळं फुटल्यावानी बुडबुडं हायत का?"

"हायत... न्हाई. थांब. काय हायत, काय लाह्याच हायत कडंला."

"मग थांब," आबा म्हणाले.

हवालदार उभाच होता. शेवटी म्हणाला, "उतरू दे हे आदण. मग बघू तुझं." आणि पुन्हा बाजेवर बसला.

नवऱ्याने गाडीतून हाक मारली. मी गाडीत बसले. काहील उतरताना होणारा ओरडा ऐकू येईल म्हणून मी वळणापर्यंत कान देऊन होते. ओरडा ऐकू आला, पण वारं असल्यामुळे तो आनंदाचा होता का कसला, ते कळलं नाही.

सासरी मला कुणी काही विचारलं नाही. भाकरी झाल्या का, पाणी आणलं का, हेच प्रश्न. त्यांना उत्तरं लागत नाहीत, कामं लागतात. मला मात्र सवय लागली होती. शेजारीण सांगायला यायची, अमकीची सून तमक्याशी बोलत होती. मी विचारायची, "तुमाला दिसली का वाटली?" महिन्याभरात तिने येणं सोडलं. सासू म्हणाली, "माहेरनं काय आणलं तर उलटा प्रश्न आणला." नवऱ्याला पहिल्यांदा हसू यायचं. नंतर तोही म्हणाला, पुरे आता. मी पुरे केलं. प्रश्न विचारणं बंद केलं तरी तो आत चालू राहतो, हे मात्र कुणाला सांगून पटत नाही.

आबांची काहील गेली नाही. ती पुढेही काही हंगाम त्यांच्याकडेच होती. हवालदाराने कोल्हापुराकडून कुणाला आणलं नाही. आत्ती निरोप्याबरोबर सांगायची, "बरं चाललंय. तुझ्यावाचून काय अडलं न्हाई." ती चांगल्या मनाने सांगायची. मला आनंद व्हायला हवा होता.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले तेव्हा हंगाम चालू होता. आल्या दिवशीच मी गुऱ्हाळावर गेले, वहाणा घरीच ठेवून. वास आधी आला. कच्च्या रसाचा हिरवट, मग मळीचा, मग तो गोड, जड वास, जो आला की पूर्वी माझे डोळे आपोआप काहिलीकडे जायचे. तसेच गेले. चुलवाणाशी नवा माणूस बसला होता आणि जाळव्या आबांच्या मागे डाव्या बाजूला उभा होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आबांनी मान वळवली नाही, पण पावलावरून त्यांनी मला ओळखलं, कारण त्यांचं तोंड खुललं.

काहील चढलेली होती. फेस बसला होता, रंग हळदीवरून तांब्याकडे निघाला होता. बुडबुडे मोठे होत होते, एकेक, सावकाश.

"काय दिसतंय?" आबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं.

"डोळं आल्यात," जाळव्या म्हणाला. "मधोमध. कडंला अजून लाह्या. रंग तांब्याच्या आतल्या अंगाचा, पर कडंनं जरा फिका."

मी बघितलं. त्याने बरोबर सांगितलं होतं. अगदी बरोबर. काहीतरी चुकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.